आतून रंगवलेल्या गाड्या

सत्यमअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रस्त्यावर पालथे पडलेले होते. आम्ही नुकतेच कुंभारीच्या बाजूला विडी कामगारांच्या घरकुलात भाड्यानं राहायला आलो होतो. मी शिकवायची ती शाळा जवळ होती आणि नवऱ्याला चिंचोळी एमआयडीसीची बस कोपऱ्यावर मिळायची. भाजी घेऊन परत येताना गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी मोटार उभी दिसली आणि तिच्या पुढच्या चाकाशी एक माणूस. गाल डांबराला टेकलेला, एक डोळा मिटलेला, हात अंगाखाली. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी ओरडणार तेवढ्यात त्या माणसानं उघडा डोळा माझ्याकडे फिरवला.

"बाई, जरा बाजूला व्हा की. सावली पडलालीय."

गाडीवाला तोवर धावत आला होता. गाडीखाली कोण शिरलंय म्हणून त्यानं अण्णांची कॉलर धरून उठवलं. अण्णा शांतपणे गुडघे झटकत म्हणाले, "साहेब, तुमच्या गाडीला कुटंतरी मार बसलाय. डावा खांदा उतरलाय." गाडीवाल्याचा चेहरा पडला. गाडी त्यानं जुनी घेतली होती आणि विकणाऱ्यानं तसं काहीच सांगितलेलं नव्हतं.

खांदा हा अण्णांचा आवडता शब्द. माणसं गाडी तोंडावरून ओळखतात, असं ते म्हणायचे, पण तोंड कुणीही बदलू शकतो. खरी गाडी ओळखायची ती खांद्यावरून, म्हणजे चाकावरून पत्रा जिथं वर येतो आणि दाराकडे उतरतो तिथून. तो उतार त्यांना जमिनीला गाल लावल्याशिवाय दिसायचा नाही.

अण्णा रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या बॉड्या बनवायचे. हे मला समजायला बरेच दिवस लागले, कारण हाताएवढ्या गाडीसाठी कुणी हौशी माणूस पुण्याहून, हैदराबादहून, बेंगळुरूहून इथवर फोन करत असेल यावर माझा विश्वासच बसेना. खेळण्याच्या दुकानातल्या गाड्या त्या नव्हेत. मोटर, बॅटरी, चाकं सगळं सुटं घेऊन जोडणारे, मैदानावर शर्यती लावणारे लोक असतात. शर्यतीत गाड्या एकमेकींवर आपटतात, बॉडी फुटते, मग नवी लागते. कुणाला आपल्या वडिलांच्या पहिल्या मोटारीसारखी हवी असते, कुणाला गावाकडच्या लाल एसटीसारखी. जी बाजारात मिळत नाही ती अण्णा करून द्यायचे.

त्याआधी उभी हयात त्यांनी चादरीच्या कारखान्यात काढली होती. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून मोर, कमळं, वेली काढायचे. त्या नक्षीवरून मागावर चादर निघायची. मग संगणक आला आणि त्यांची खुर्ची गेली. भाच्यानं एकदा फुटलेली बॉडी दाखवायला आणली, अण्णांनी ती दोन बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "ठेवून जा." तिथून हे सुरू झालं.

घर आमच्या भिंतीला लागूनच, दोन खोल्यांचं, मागं पत्र्याची तिसरी खोली काढलेली. पुढच्या खोलीत नरसम्माअक्का, म्हणजे अण्णांची बायको, सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. मागच्या खोलीत अण्णा. सागवानाचा तुकडा कोरून आधी गाडीचा साचा करायचा. जुन्या लोखंडी कपाटात विजेच्या तारा बसवून त्यांनी भट्टी केली होती. तिच्यात पारदर्शक प्लास्टिकची शीट तापवायची, ती साईसारखी लोंबायला लागली की साच्यावर पसरायची आणि खालून जुन्या व्हॅक्यूम क्लीनरनं हवा ओढून घ्यायची. शीट साच्याला अशी चिकटायची की लाकडावरचा नखाचा ओरखडासुद्धा उमटायचा. मग काचेसारखी ती बॉडी कातरून काढायची आणि रंगवायची. पण आतून.

हे आतून रंगवणं मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. रंग बाहेरून दिला तर पहिल्याच टकरीत खरवडून निघतो, म्हणून तो आतल्या बाजूनं द्यायचा. त्यामुळे सगळं उलटं होतं. घरात भिंत रंगवताना आधी भिंत आणि मग नक्षी. इथं आधी बारीक रेघ, मग नाव, मग पट्टा, आणि सगळ्यात शेवटी गाडीचा मूळ रंग. "शेवटचा रंग मारला की आतून नुसता काळा न्हायतर पांढरा गोळा दिसतो, बाई. काय केलं ते कायच दिसत न्हाय. मग बाहेरची झिल्ली सोलायची, शीटला चरा पडू नये म्हणून असतीय ती." ती झिल्ली सोलायला ते अक्कांना हाक मारायचे. "रा, नरसम्मा, रा." तेलुगूत ये म्हणायचे. अक्का तंबाखूचे हात पदराला पुसून यायच्या, कोपरा नखानं उचलायच्या आणि पातळ साल निघावी तशी झिल्ली ओढायच्या. खालून लखलखीत गाडी बाहेर पडायची. अक्का कधी छान म्हणायच्या नाहीत. "झाली," एवढंच म्हणून परत विड्यांपाशी.

त्या खोलीत मी फार वेळ थांबू शकायची नाही. ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी गाडी वाया, आणि आमच्याकडे वाऱ्याला धुळीची कमी नाही. म्हणून अण्णांनी खिडकीच्या काचेवर कागद लावून सगळ्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या. पंखा नाही. दाराखाली गोणपाट. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि थिनरचा वास इतका दाट व्हायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. अण्णा त्यात बनियनवर तासन्‌तास बसायचे. माझ्या नवऱ्यानं कंपनीतून तोंडाला लावायचा मास्क आणून दिला होता. तो त्यांनी खिळ्याला टांगला तो टांगलाच.

"ह्यो लावला तर मला कळणार कसं?" ते म्हणाले. "रंग वाळला का न्हाय, नाकाला कळतंय. वला असंल तर गोड येतो. वाळला की कडू. गोडावर दुसरा हात मारला की सुरकुत्या पडल्याच."

आणि ते खरंच बॉडी उचलून नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, फुलाचा वास घ्यावा तसा खोल श्वास घ्यायचे. मला ते बघवायचं नाही. मी एकदा बोललेही. ते हसले. "बाई, तुमी खडूची धूळ खाता. मी काय बोललो का?"

पहिली परत आलेली गाडी मी स्वतःच त्यांच्या हातात दिली, कारण कुरिअरवाला आला तेव्हा त्यांच्या घराला कुलूप होतं. संध्याकाळी त्यांनी खोकं उघडलं. जुन्या निळ्या मोटारीची बॉडी होती. वरून बघितलं तर काचेखाली रंग साईसारखा गोळा होऊन सुरकुतला होता. अण्णा ती बराच वेळ उजेडात फिरवत राहिले.

"रंगाचा डबा खराब निघाला," ते म्हणाले.

पुढं आणखी एक परत आली. तेव्हा म्हणाले, हवा दमट होती. त्यानंतर खोलीत भिंतीवर एक घड्याळ आलं. अण्णा आता बॉडी नाकाशी नेत नव्हते, घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, चांगलं झालं. एवढा वास घेऊन चालतं का. त्यात काही वेगळं असेल असं डोक्यातच आलं नाही.

त्यांची मुलगी पद्मा भिवंडीला दिली होती. तिला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण म्हणून अक्का तिला आणायला भिवंडीला गेल्या. जाताना माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बाई, यांच्याकडं जरा बघा." मला वाटलं जेवणाचं म्हणताहेत. मी म्हटलं, डबा देते. त्या दाराशी घुटमळल्या. आणखी काही बोलायचं असावं, पण रिक्षा उभी होती.

दोन-तीन दिवसांनी भिंतीपलीकडून वास यायला लागला. आधी वाटलं गटार तुंबलं. मग वाटलं आमच्याच घरात काहीतरी मेलंय, म्हणून नवऱ्यानं कपाटं हलवली. दुपारी मी रिकामा डबा परत आणायला अण्णांकडे गेले आणि उंबऱ्यावरच पदर नाकाला लावला. अण्णा खाटेवर मांडी घालून जेवत होते. समोर वरण-भात, बाजूला लोणचं. माझ्याकडे बघून ते हसले, "या की, बाई."

"अण्णा, हा वास कसला?"

त्यांचा घास हातातच राहिला. क्षणभर ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, म्हणजे मी काय बोलले त्याचा अर्थ ते माझ्या तोंडावर शोधत होते. मग त्यांनी नाक वर करून हुंगल्यासारखं केलं. "व्हय की," म्हणाले, "जरा येलालाय खरा."

खाटेखाली, भिंतीशी, त्यांच्या मांडीपासून हातभर अंतरावर घूस मरून पडली होती. फुगलेली. तिच्यावरच्या माशा आता ताटावरही बसत होत्या. माझ्या नवऱ्यानं ती फावड्यानं उचलून नेली. अण्णा ताट तसंच धरून बसून होते. बरं, घाण वाटली म्हणून हात धुवावा, तर तेही नाही. मी ताट काढून घेतलं तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "नरसम्माला सांगू नका."

पुढच्या रविवारी नवरा त्यांना गाडीवर बसवून शहरातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही रिक्षानं मागून गेले. तरुण डॉक्टर होते, घाई न करणारे. त्यांनी अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि एकेक बाटली नाकाखाली धरली. कॉफी. लवंग. कापूर. अण्णा दर वेळी खोल श्वास घ्यायचे. पहिल्या बाटलीला "चहा" म्हणाले, दुसऱ्याला "ओवा". तिसऱ्याला काहीच म्हणाले नाहीत. नुसते बसून राहिले, मिटल्या डोळ्यांनी, अजून बाटली यायचीच आहे अशा चेहऱ्यानं. ती कधीच काढून घेतली होती.

डॉक्टरांनी मग त्यांना दोन्ही हात पुढं धरायला लावले, बोटं फाकवून. बोटांवर एक कागद ठेवला. कागदाच्या कडा थरथरत होत्या. पंखा बंद होता.

"रंगाचं काम थांबवा," डॉक्टर म्हणाले. "नाक परत येईल असं मी सांगत नाही. पण पुढचं थांबेल."

"पुडचं म्हंजे?"

"हात. मग स्मरण. आधी हात."

अण्णांनी कागद उचलला, सरळ घडी घातली आणि टेबलावर ठेवला. परतीच्या वाटेवर चहाच्या गाड्यापाशी थांबलो तेव्हा ते नवऱ्याला म्हणाले, "नाक गेलं तर गेलं. डोळं हायती की." हात हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

अक्का पद्माला घेऊन आल्या. मी बोलू की नको या विचारात चार दिवस होते. अण्णांनी सांगू नका म्हटलेलं, पण घरात बाळ येणार होतं. शेवटी विड्या वळत बसलेल्या अक्कांच्या शेजारी जाऊन बसले आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांची बोटं थांबली नाहीत. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा.

"मला कवाच कळलंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. उगादीला, म्हणजे पाडव्याला, त्यांनी मोगऱ्याचा गजरा माळला होता. लग्न झाल्यापासून गजरा माळला की अण्णा जाता-येता काहीतरी बोलायचेच. त्या दिवशी बोलले नाहीत. अक्कांनी गजरा त्यांच्या उशाशी ठेवला. सकाळी अण्णांनी तो केर समजून बाजूला सारला. मग अक्कांनी तंबाखूची अख्खी पुडी उशीखाली ठेवून बघितली, जिच्या वासानं ते पूर्वी उठून बसायचे. ते झोपले ते गाढ झोपले.

"मी इचारलं न्हाय. त्यांनी सांगितलं न्हाय." विडीला दोरा बांधून त्यांनी दातानं तोडला. "मी रोज गॅसचं बटण बघतो. दूध मीच बघतो. थिनरचा कॅन मीच उचलून ठेवतो." आमच्याकडच्या तेलुगू बायका मराठी बोलताना स्वतःला असं पुरुषासारखं बोलतात. एरवी मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही, कारण त्या भिवंडीला गेल्या तेव्हा हे सगळं बघायला कुणी नव्हतं, आणि दाराशी घुटमळताना त्यांना हेच सांगायचं होतं.

त्या संध्याकाळी घरात मोठ्यानं बोलणं झालं. तेलुगूत, त्यामुळे मला शब्द कळले नाहीत. अक्कांचा एक शब्द परत परत येत होता, "वद्दु, वद्दु," नको, नको. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतःच सांगायला आले. बाळ घरात असेपर्यंत रंग बंद. कोरायचं, शीट ओढायची, कातरायचं. रंगवायचं नाही. तसा शब्द दिला होता.

आणि काही आठवडे त्यांनी तो पाळला. त्याच काळात त्यांनी नवा साचा कोरायला घेतला. मी बघायला गेले तर कुठल्या गाडीचा ते ओळखता येईना. लांब नाक, मागं आखूड, आणि चाकांवर खांदे असे उचललेले की लाकूड श्वास घेतंय असं वाटावं.

"ही कुठली गाडी?"

"कुठलीच न्हाय," अण्णा म्हणाले. कानशीनं घासता घासता थांबले. "बाई, चादरीवर मोर मी काढले. चादर मालकाच्या नावाची. ह्या बॉड्या पण बगा, कुणाच्या ना कुणाच्या गाडीची नक्कल. ही माजी हाय. हिच्यासारकी रस्त्यावर एक न्हाय."

"नाव काय ठेवणार?"

"नाव मागनं. आदी खांदे."

साच्यावर हात फिरवताना त्यांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला आणि माझ्याकडे बघितलं नाही. मला कळलं की त्यांना घाई आहे, आणि कशाची आहे तेही कळलं. बारीक रेघ आधी मारायची असते. ती मारायला लागणारा हात फार दिवस राहणार नव्हता.

बाळ झालं. मुलगी. पद्मा आणि बाळ पुढच्या खोलीत. उन्हाळा इतका कडक पडला की शाळा सकाळची झाली. वीज जायची ती जायची, कधी येईल याचा भरवसा नाही. त्या दिवशी अक्का वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यावर गेल्या होत्या. मी शाळेतून आले, हातपाय धुतले आणि बाळाला बघायला म्हणून शेजारी निघाले. गल्लीत सामसूम होती. वीज गेलेली होती, म्हणून कुठल्या घरातून टीव्हीचाही आवाज नव्हता.

दारापासून चार पावलांवर मी थांबले. डोळे चुरचुरले. थिनरचा वास मला नवा नव्हता, पण हा नेहमीचा नव्हता. जड होता. घशात बसत होता. मी दार ढकललं. पद्मा खाली वाकळेवर झोपली होती, बाळ कुशीत. मी हाक मारली. ती हलली नाही. पुन्हा मारली. शेवटी खांदा धरून गदगदा हलवल्यावर तिनं डोळे उघडले, पण नजर स्थिर होईना. "डोकं लई दुखलालंय," ती पुटपुटली. वासाचं तिला काही वाटलंच नव्हतं. लग्नाआधी कित्येक वर्षं ती याच वासात झोपत आली होती. मी बाळ उचललं. ते रडत नव्हतं. तोंड उघडं ठेवून लहान लहान श्वास घेत होतं.

मी मागच्या दारावर थापा मारल्या. गोणपाट सरकल्याचा आवाज आला आणि अण्णांनी दार उघडलं. हातात बॅटरी, बोटांना लाल रंग. आतून वाफेसारखा लोट माझ्या तोंडावर आला.

"अण्णा, थिनर! सगळीकडं थिनर आहे!"

त्यांनी नाक वर केलं. श्वास घेतला. परत घेतला. त्यांच्या छातीत हवा जाताना मला दिसत होती, आणि तिचा काही उपयोग होत नव्हता हेही. मग त्यांनी बॅटरीचा उजेड जमिनीवर फिरवला. टेबलाखालचा प्लास्टिकचा कॅन उकाड्यानं बुडाशी तडकला होता. फरशीवर एक चकचकीत ओघळ पसरत पार भट्टीखाली गेला होता. अण्णा अनवाणी त्यातच उभे होते.

ओघळाकडे त्यांनी फार बघितलं नाही. उजेड भट्टीवर गेला आणि तिथंच थांबला. आणखी एक शीट तापवायला त्यांनी भट्टी लावली होती. लावल्या लावल्या वीज गेली. मग अंधारात बॅटरीवर रंगवत बसले. भट्टीचा खटका चालूच होता. वीज आली की तारा लाल होणार होत्या. ते कनेक्शन त्यांनी मीटरवरून वेगळं ओढून घेतलं होतं, त्यामुळे घराचा मुख्य खटका पाडून ते बंद होत नव्हतं. त्याचा खटका भट्टीच्या मागं, भिंतीला.

"पोरीला घेऊन लांब जावा," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. पेटती बॅटरी त्यांनी विझवली नाही, तशीच माझ्या हातात दिली. "हितं हिचं बटण दाबू नका, ठिणगी पडंल. लांब जाऊन काय ते करा."

"अण्णा, तुम्ही बाहेर या आधी."

"लाइट यायच्या आत ते बंद करावं लागतंय." आणि ते अंधारात वळले.

मी बाळ आणि पद्माला घेऊन पळाले. पद्माला धड चालता येत नव्हतं. समोरच्या लिंबाखाली गेलो, तिथून ओरडून मी लोकांना बाहेर काढलं. दोन-चार बाप्ये धावले, तर मी त्यांना अडवलं, काडी ओढू नका, आत जाऊ नका. सगळे उभे राहिलो. अण्णांच्या घराचं दार उघडं होतं आणि आत काळोख. कुणीतरी हाक मारली. उत्तर नाही.

मग गल्लीच्या टोकाची पिठाची गिरणी घरघरली. कुठल्यातरी घरात टीव्ही मोठ्यानं बोलायला लागला. वीज आली होती.

पद्मानं बाळाचं तोंड छातीशी दाबलं. मी डोळे मिटले नाहीत, मला मिटता आले नाहीत. त्या दाराकडे बघत राहिले. दार तसंच होतं. काळोख तसाच. काहीच झालं नाही.

माझा नवरा घरी नव्हता. शेजारच्या दोघांनी ओले टॉवेल तोंडाला बांधले, मागच्या खिडकीची काच बाहेरून दगडानं फोडली आणि थोड्या वेळानं आत गेले. अण्णा भट्टी आणि भिंत यांच्या फटीत बसले होते. मान खाली, शुद्ध नाही. उजवा हात वर, खटक्यावर. तो सोडवायला दोघांना ओढावा लागला.

त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं तोवर अक्का मोकळी पाटी घेऊन परतल्या. मी जे घडलं ते सांगितलं. त्यांनी पद्माला बघितलं, बाळाच्या छातीवर कान ठेवला. मग आत गेल्या आणि खिडकीवरची चिकटपट्टी ओढायला लागल्या. वर्षानुवर्षांची पट्टी, थरावर थर. ती फाटल्याचा आवाज गल्लीभर ऐकू येत होता. शेवटची पट्टी निघेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग दवाखान्यात गेल्या.

अण्णा वाचले. आठवड्यानं घरी आले. बोलायचे कमी, चालताना भिंतीला हात लावायचे. मागची खोली रिकामी झाली. भट्टी भंगारात गेली. त्यांच्या त्या गाडीची बॉडी टेबलावर सापडली होती, नुसती काचेसारखी आणि आतून खांद्यावरून निघालेली एकच लाल रेघ. रेघ सुरुवातीला केसासारखी सरळ होती आणि दाराच्या जवळ जाऊन वाकडी झाली होती. पद्मानं ती बॉडी भिवंडीला न्यायला मागून घेतली. बाळाच्या दुपट्यात गुंडाळून तिनं ती पिशवीत ठेवली.

त्याच सुमाराला माझी बदली माळशिरस तालुक्यात झाली. नंतरचं मला फोनवरूनच कळत गेलं. अक्का सांगायच्या, आता घास मी भरवतो. मग सांगायच्या, काल मला नावानं हाक मारली, आज मारली नाही. मी येते येते म्हणत राहिले, आणि एका सकाळी पद्माचा फोन आला, अण्णा गेल्याचा.

पण मी अण्णांना शेवटचं पाहिलं ते आम्ही सामान बांधलं त्याच्या आदल्या दिवशी, बारशाला. घर बायकांनी भरलेलं. पाळण्याला फुलं, घुगऱ्यांची परात, उदबत्त्या. अण्णा आत आलेच नाहीत. बाहेर पायरीवर बसून होते, धुतलेलं धोतर, नवी टोपी. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट द्यायला पाय आखडून घेत होते. थिनर सांडलं त्या दिवसापासून त्यांनी नातीला हात लावलेला नव्हता. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "हात मळके हायती."

नाव ठेवून झालं. अक्का बाळाला घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मुलगी अण्णांच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी पायरीवर बसल्या. अण्णा आखडून गेले. मग हळूहळू वाकले. बाळाच्या टाळूला नाक लावलं, डोळे मिटले आणि श्वास घेतला. बराच वेळ घेतला. डोळे उघडले तेव्हा त्यांनी अक्कांकडे बघितलं.

"दूध," अक्का म्हणाल्या. तेलुगूत म्हणाल्या, पण तेवढं मला कळत होतं. मग नीट आठवून सांगावं तसं त्या म्हणाल्या, "हळद. आणि थोडा घाम."

अण्णांनी मान हलवली. बाळाच्या डोक्याखालचा त्यांचा हात थरथरायला लागला होता आणि त्याबरोबर ते इवलंसं डोकंही हलत होतं. अक्कांनी आपला तंबाखूनं पिवळा पडलेला हात त्यांच्या हाताखाली सरकवला. डोकं थांबलं. आत कुणीतरी मला हाक मारत होतं. मी उठले तेव्हा ते दोघं तसेच बसलेले होते, हाताखाली हात, आणि दोघांपैकी कुणाची तो काढायची तयारी दिसत नव्हती.